न्यूट्रल-अर्थची लिंक आणि इन्स्पेक्टरचे तीन रिमार्क : एका वर्कशॉपचं प्रकरण

काम तसं छोटंच होतं. एक जुनी मेन बिल्डिंग, तिथून साधारण ४० मीटरवर नवीन पत्र्याचं वर्कशॉप. मेन पॅनेलमधून चार कोअरची १६ स्क्वेअर एमएम तांब्याची आर्मर्ड (वर धातूचं कवच असलेली) केबल टाकली, सोबत १६चीच वेगळी अर्थ वायर, वर्कशॉपमध्ये थ्री फेज डीबी (स्विचांची वाटप पेटी), सॉकेटना ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की सप्लाय तोडणारं स्विच), आणि डीबीतून सहा सिंगल फेज सॉकेट सर्किट एकाच मेटल ट्रंकिंगमधून (वायर न्यायच्या धातूच्या चौकोनी नळीतून) पत्र्याखालून नेली, सगळी ४ स्क्वेअर एमएम पीव्हीसी वायर आणि प्रत्येकावर २० अँपिअरची एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारं स्विच). मेन बिल्डिंगच्या बाजूला या फीडरवर (वर्कशॉपला जाणाऱ्या लाइनवर) ३०० मिलीअँपिअरची टाइम डिलेवाली आरसीसीबी आहे. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ (सुरक्षेसाठी जमिनीशी जोडलेली वायर) एकत्र येतात ते फक्त एकाच ठिकाणी, मेन पॅनेलच्या इनकमरपाशी (सप्लाय आत येतो त्या मुख्य स्विचपाशी), तिथून पुढे दोघं वेगळे. वर्कशॉपच्या बाहेर एक अर्थ पिट (जमिनीत इलेक्ट्रोड गाडलेला खड्डा) घेतला होता, तो वर्कशॉप डीबीच्या अर्थ बारला जोडलेला.

इन्सुलेशन टेस्ट झाली, अर्थ लूप (फेजपासून अर्थमार्गे परत जाणाऱ्या रस्त्याची मोजणी) झाला, आरसीसीबी टेस्टरने तपासल्या, सगळं शीटवर लिहिलं. मला वाटलं एका व्हिजिटमध्ये काम पास.

वीजकाम तपासणारे इन्स्पेक्टर साहेब आले, दीड तास फिरले आणि तीन रिमार्क लिहून गेले. पहिला, ट्रंकिंगमधल्या सहा सर्किटची वायर एमसीबीच्या मानाने बारीक आहे. दुसरा, वर्कशॉपच्या डीबीत न्यूट्रलला अर्थशी जोडा, वेगळी बिल्डिंग आहे, वेगळा पिट आहे, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये ५ व्होल्ट दाखवतंय. तिसरा, वायरना दोन्ही टोकांना नंबर नाहीत.

दुसरा रिमार्क ऐकून माझं डोकंच फिरलं, तिथेच उभ्या उभ्या मी बोललो की साहेब हे चुकीचं आहे, असं कुठेच करत नाहीत, आणि ते म्हणाले मी इतकी वर्षं हेच करून घेतोय, तुम्ही करून ठेवा मग मला बोलवा. मालक शेजारीच उभे. झालं, आता दोघांनाही मागे हटणं अवघड. त्या दिवशीची माझी पहिली चूक हीच, मालकासमोर "चुकीचं" हा शब्द वापरला. त्याऐवजी "साहेब, हे मला नीट समजून घ्यायचंय, कुठल्या क्लॉजखाली येतं ते सांगाल का" एवढंच विचारलं असतं तर पुढचे चार दिवस वाचले असते.

संध्याकाळी मालकांचा फोन. त्यांचं म्हणणं साधं होतं, मशीनं येऊन पडलीत, तुम्ही ती लिंक टाका, साहेब बघून जातील, मग काढून टाका. हा सल्ला मला याआधीही बऱ्याच जणांनी दिलाय आणि मी तो कधीच घेत नाही. पास झाल्यावर ती पट्टी काढायची कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि काढली तरी रेकॉर्डवर एक आणि जागेवर भलतंच असं होतं, उद्या कुणाला शॉक बसला तर कागद आपल्याच विरुद्ध बोलतो. मालकांना म्हटलं, मला चार दिवस द्या. त्यांनी विचारलं वर तक्रार करायची का. तो रस्ता असतोच, इन्स्पेक्टरचा शब्द शेवटचा नसतो. भारतात वीज कायदा २००३ च्या कलम १६२ मध्ये इन्स्पेक्टरच्या निर्णयावर सरकारकडे अपील करायची सोय आहे. पण अपिलाला वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे अपिलात गेल्यावर आधी आपलंच काम उघडून बघितलं जातं, त्यामुळे मी म्हटलं आधी मीच माझं काम उघडून बघतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या ऑफिसला दोन ओळींचं पत्र दिलं: रिमार्क मिळाले, काम करतोय, प्रत्येक रिमार्कला कोडचा क्लॉज नंबर मिळाला तर त्याप्रमाणे नेमकी दुरुस्ती करता येईल. तक्रारीचा सूर नाही, कॉपी वर कुणाला नाही. त्यांनी पहिल्या आणि तिसऱ्या रिमार्कला क्लॉज दिला, दुसऱ्यासमोर "चांगली पद्धत, सुरक्षिततेसाठी" एवढंच लिहिलं. म्हणजे वाद कुठे आहे ते कागदावरच दिसलं.

पहिला रिमार्क : इथे साहेब बरोबर होते

हे कबूल करायला मला एक अख्खी रात्र लागली. माझं डोक्यातलं गणित असं होतं की ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची पीव्हीसी वायर कंड्युट (वायरचा पाइप) किंवा ट्रंकिंगमध्ये सिंगल फेजला ३२ अँपिअर घेते, वर २० ची एमसीबी, म्हणजे भरपूर मार्जिन. पण आयईसी ६०३६४ या वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या भाग ५-५२ मध्ये तो ३२ चा आकडा आहे तो एकट्या सर्किटसाठी आणि ३० डिग्री हवेसाठी. सहा सर्किट एकत्र असली की ०.५७ ने गुणायचं. पत्र्याखालची हवा ४० डिग्री धरली, आणि उन्हात तेवढी होतेच, तर पीव्हीसीला अजून ०.८७. ३२ गुणिले ०.५७ गुणिले ०.८७, उत्तर येतं १५.९ अँपिअर.

म्हणजे वायरची कुवत १५.९ आणि वर २० ची एमसीबी. नियम सरळ आहे, लोडचा करंट एमसीबीच्या रेटिंगपेक्षा जास्त नको आणि एमसीबीचं रेटिंग वायरच्या कुवतीपेक्षा जास्त नको. लोकांना वाटतं २० ची एमसीबी २० ला पडते. पडत नाही. स्टँडर्डप्रमाणे १.१३ पट करंटला, म्हणजे २२.६ अँपिअरला, ती तासभर पडायलाच नको, आणि १.४५ पट म्हणजे २९ ला तासाभरात पडायला हवी. म्हणजे १५.९ वाल्या वायरमधून २२ अँपिअर दिवसभर गेले तरी एमसीबी हूं की चूं करणार नाही आणि ७० डिग्रीसाठी बनवलेलं पीव्हीसी आत हळूहळू कडक होत जाईल, आज काही दिसणार नाही, पाच-सात वर्षांनी वायर वाकवली की इन्सुलेशन तडकेल.

माझ्याकडे एक बचाव होता आणि तो मी आधी वापरणारही होतो. त्याच भागात सवलत आहे की एखाद्या वायरवर तिच्या ग्रुपमधल्या कुवतीच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त करंट येणारच नाही हे माहीत असेल तर बाकीच्यांसाठी मोजताना ती धरायची नाही. १५.९ चे ३० टक्के म्हणजे ४.८ अँपिअर. मी क्लँप मीटर घेऊन मशीनं चालवून बघितली तर चार सर्किटवर ६ ते ८ अँपिअर आणि दोन मोठ्यांवर १७ च्या आसपास. बसत नाही. आणि समजा आज बसलं असतं तरी ती सॉकेट आहेत, उद्या कुणी काय लावेल याची खात्री कोण देणार, त्यामुळे "लोड माहीत आहे" हे वाक्य सॉकेट सर्किटला लावणंच मला प्रामाणिक वाटत नाही. बचाव फाडून टाकला.

मग दुरुस्ती काय करायची. पहिला विचार आला की तीन-तीन अशी दोन ट्रंकिंगमध्ये वाटू. तीनला फॅक्टर ०.७०, उत्तर १९.५, म्हणजे २० ला अर्ध्या अँपिअरने कमी! अशा ठिकाणी "चालतंय की" म्हणायचा मोह होतो, पण ज्या माणसाशी आकड्यांवरून वाद चाललाय त्याच्यापुढे १९.५ घेऊन जायचं नसतं. शेवटी जमलं ते असं: दोन मोठी मशीनं स्वतंत्र कंड्युटमध्ये काढली, दोनचा फॅक्टर ०.८०, कुवत २२.३, तिथे २० ची एमसीबी राहिली. उरलेली चार जुन्याच ट्रंकिंगमध्ये, फॅक्टर ०.६५, कुवत १८.१, तिथे एमसीबी बदलून १६ च्या लावल्या. ८ अँपिअरच्या मशीनला १६ पुरते. एक नवीन कंड्युट, चार एमसीबी, एक दिवस काम. वायर एकही बदलावी लागली नाही.

दुसरा रिमार्क : खरा वाद

साहेबांचं म्हणणं काही हवेतून आलेलं नव्हतं. वेगळ्या बिल्डिंगमध्ये न्यूट्रल पुन्हा अर्थ करायची पद्धत खरंच होती. अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडमध्ये फीडरसोबत वेगळी अर्थ वायर नेली नसेल तर काही अटींवर वेगळ्या बिल्डिंगच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडायची परवानगी होती, २००८ च्या आवृत्तीत ती नवीन कामांसाठी काढली, जुन्या कामांना अपवाद ठेवला. ज्या माणसाने अशी जुनी कामं बघण्यात आयुष्य घालवलंय त्याच्या डोक्यात ती पद्धत पक्की बसलेली असणारच. हे वाचल्यावर माझा राग बराच निवळला.

पण आमच्या कामात अर्थ वायर वेगळी नेलेली आहे. आणि तिथे आयईसी ६०३६४ च्या भाग ५-५४ मध्ये ५४३.४.३ ला स्पष्ट लिहिलंय की एकदा न्यूट्रल आणि अर्थ वेगळे झाले की पुढे न्यूट्रल कुठल्याही अर्थ झालेल्या भागाला जोडायचा नाही. पिट घ्यायला हरकत नाही, तो अर्थ बारला जोडा, न्यूट्रलला नाही. आणि कारण समजून घेतलं तर नियम पाठ करावा लागत नाही: लिंक टाकली की परत जाणाऱ्या करंटला दोन रस्ते मिळतात, १६ चा न्यूट्रल आणि १६चीच अर्थ वायर, दोघांची लांबी सारखी, म्हणून करंट जवळपास अर्धा-अर्धा वाटला जाणार. न्यूट्रलवर १८ अँपिअर असतील तर ८-९ अर्थ वायरवरून, शिवाय थोडा केबलच्या आर्मरवरून आणि मशीनच्या बॉडींमधून फिरत जाणार. मेन बाजूची ३०० मिलीअँपिअरची आरसीसीबी पहिलं मशीन चालू केल्या केल्या पडणार. आणि मग काय होतं हे साइटवर काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, कुणीतरी वैतागून ती आरसीसीबीच बायपास करतो.

इथपर्यंत माझी बाजू पक्की होती. कागद तयार होता, क्लॉज होता, आकृती काढली होती. मी जाऊन भांडून आलो असतो आणि जिंकलोही असतो.

पण ते ५ व्होल्ट. साहेबांनी मोजलेले. त्या दिवशी मी हात झटकून म्हटलं होतं की लोड असला की न्यूट्रलला थोडा ड्रॉप येतोच, त्यात काय. येतो हे खरंच आहे. पण किती यायला पाहिजे हे मी काढलंच नव्हतं. कागदावर आकृती काढता काढता सहज गणित केलं. १६ स्क्वेअर एमएम तांब्याचा रेझिस्टन्स मीटरला १.१५ मिलीओहम, ४० मीटरला ४६ मिलीओहम. १८ अँपिअरला ०.८ व्होल्ट. पाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन परत मोजलं. लोड बंद, न्यूट्रल-अर्थमध्ये ०.१. एका फेजवर मशीन चालू केलं, क्लँप मीटरवर न्यूट्रलला १८ अँपिअर, व्होल्टमीटरवर ५.२. केबलचे ०.८ वजा केले तर ४.४ व्होल्ट कुठेतरी जातायत, ४.४ भागिले १८, जवळजवळ पाव ओहम, आणि ४.४ गुणिले १८ म्हणजे ७९ वॅट. एखाद्या जोडात सोल्डरिंगची मोठी इस्त्री सतत चालू ठेवावी तेवढी उष्णता.

सप्लाय बंद केला, लॉक लावलं, मेन पॅनेल उघडलं. वर्कशॉप फीडरचा न्यूट्रल लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा जोड). स्लीव्ह काळवंडलेली, हाताने हलवला तर केबल लगमध्ये फिरते. १६ च्या केबलवर २५ चा लग क्रिम्प केलेला. माझ्या बरोबरच्या मुलाला विचारलं, तो म्हणाला दादा, १६ चे लग तीनच उरले होते, चौथा २५ चा होता, तो दाबून बसवला. त्याला काय बोलणार, टर्मिनेशन तपासायची जबाबदारी माझी होती आणि मी वरून फक्त बोल्ट टाइट आहे का एवढंच बघितलं होतं. टेस्टमध्ये सापडलं नाही कारण माझ्या शीटवर फक्त फेज-अर्थ लूप होता, त्या रस्त्यात न्यूट्रल येतच नाही. फेज-न्यूट्रल लूप घेतला असता तर पहिल्याच दिवशी हा पाव ओहम दिसला असता.

आता हा लग पूर्ण सुटला असता तर? थ्री फेज डीबी, तिन्ही फेजवर वेगवेगळा लोड, मागे न्यूट्रल नाही. मग प्रत्येक फेजच्या लोडप्रमाणे व्होल्टेज वाटलं जातं, जिथे लोड कमी तिथे २३० च्या जागी ३००-३५० सुद्धा चढू शकतं, चार्जर, लाइट, कंट्रोल कार्ड सगळं जळतं.

आणि सगळ्यात जास्त मला जे लागलं ते हे. साहेबांनी सांगितलेली लिंक टाकली असती तर ते ५ व्होल्ट नाहीसे झाले असते! न्यूट्रल आणि अर्थ एकाच पट्टीवर आले की मीटर शून्य दाखवणार. खराब लग तसाच राहिला असता, पडणारी आरसीसीबी कुणीतरी बायपास केली असती, बहुतेक करंट गुपचूप अर्थ वायरवरून गेला असता, आणि सगळ्यांना वाटलं असतं की दुरुस्ती झाली. म्हणजे साहेबांनी बघितलं ते शंभर टक्के खरं होतं, सांगितलेला उपाय तेवढा घातक होता, आणि मी उपायावर भांडण्याच्या नादात त्यांनी बघितलेलंही उडवून लावलं होतं. त्या दिवसापासून इन्स्पेक्टर काही बोलले की मी वहीत दोन रकाने करतो, एकात त्यांनी काय बघितलं किंवा मोजलं, दुसऱ्यात काय करायला सांगितलं. दुसऱ्या रकान्यावर वाद घालता येतो. पहिला रकाना स्वतः परत मोजल्याशिवाय खोडायचा नाही.

लग कापला, सगळे चारही नवीन १६ चे, डायसुद्धा (लग दाबायच्या टूलचा साचा) १६ चा वापरून क्रिम्प केले, प्रत्येक केबल ओढून बघितली, टॉर्क रेंचने टाइट केलं. १८ अँपिअरला ०.९ व्होल्ट.

तिसरा रिमार्क नंबरांचा. अर्ध्या दिवसात फेरूल (वायरवर चढवायच्या नंबराच्या नळ्या) लावून टाकले. यावर वाद घालणारी माणसं मी बघितलीत, कशाला घालतात कळत नाही.

दुसरी व्हिजिट

मी एकच पान तयार केलं होतं. वर पहिला रिमार्क, खाली आधीचा हिशोब १५.९, नंतरचा हिशोब २२.३ आणि १८.१, आणि एक वाक्य, "आपला रिमार्क बरोबर होता, दुरुस्ती केली." हे मुद्दाम सगळ्यात वर ठेवलं. यात कुणाला लोणी लावणं नव्हतं, ते खरंच होतं, आणि माझं मत आहे की जिथे समोरचा बरोबर आहे ते आधी स्पष्ट लिहून दिलं की उरलेल्या मुद्द्यावर तो माणूस मोकळेपणाने ऐकतो. दुसऱ्या रिमार्कखाली आधी त्यांचं रीडिंग, मग माझं रीडिंग, मग सापडलेला दोष, जुन्या लगचा फोटो, दुरुस्तीनंतरचं रीडिंग, आणि शेवटी क्लॉज ५४३.४.३ आणि लिंक टाकली तर करंट कसा वाटला जाईल याची आकृती.

या वेळी मालकांना विनंती केली होती की आम्ही दोघं पॅनेलपाशी असताना तुम्ही थोडा वेळ बाहेर थांबा. ते थांबले.

साहेबांनी पान वाचलं. फोटोपाशी बराच वेळ थांबले. जुना लग मी कापून पिशवीत ठेवला होता, तो मागितला, हातात घेऊन केबलचा तुकडा फिरवून बघितला. मग म्हणाले, "मग मी म्हणत होतो ते काही अगदीच चूक नव्हतं."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही मोजलं नसतं तर हे सापडलंच नसतं. फक्त लिंक टाकली असती तर हे झाकलं गेलं असतं, म्हणून मी ती टाकली नाही."

ते काही बोलले नाहीत. स्वतःचा मीटर काढला, मशीन चालू करायला सांगितलं, न्यूट्रल-अर्थ परत मोजलं, ०.९. मग अर्थ वायरला क्लँप लावून करंट बघितला, काही मिलीअँपिअर, मशीनच्या फिल्टरमुळे असतो तेवढा. मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो मला अपेक्षित नव्हता: "उद्या दुसरा कुणी इलेक्ट्रिशियन येईल, त्यालाही माझ्यासारखंच वाटलं आणि त्याने इथे लिंक टाकली तर?"

प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर तयार नव्हतं. तिथेच बसून दोघांनी मजकूर ठरवला. दुसरा रिमार्क त्यांनी स्वतःच्या हाताने बदलला, "न्यूट्रल टर्मिनेशन दुरुस्त, रीडिंग ०.९ व्होल्ट, लिंकची गरज नाही", खाली सही आणि तारीख. फेज-न्यूट्रल लूपचा रकाना माझ्या टेस्ट शीटवर वाढवला, त्याचं रीडिंग त्यांच्यासमोर घेऊन भरलं. आणि वर्कशॉपच्या डीबीच्या दाराला आतून एक पत्र्याची पाटी रिव्हेट केली, तिच्यावर कोरलंय: न्यूट्रल-अर्थचा जोड मेन पॅनेलमध्ये आहे, इथे जोडू नये, दोघांमध्ये २ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी न्यूट्रलचे लग तपासा.